नावाचा रकाना

जेलीफिन, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ नीट लावून टीव्हीवर बघायचा प्रोग्राम, पहिल्यांदा सुरू केलं आणि लायब्ररी बनवायला घेतली की ते आधी विचारतं, या फोल्डरमध्ये आहे काय. चित्रपट, मालिका, संगीत, पुस्तकं, घरचे व्हिडिओ नि फोटो अशी यादी उघडते आणि त्यातलं एकच निवडायचं असतं. मी त्या यादीपाशी बराच वेळ अडकून बसले होते. टेबलावर अठरा व्हीएचएस कॅसेट, पिशवीभर सीडी, तीन मिनीडीव्ही टेपा, बाबांचे दोन बंद पडलेले फोन, आणि या सगळ्यातनं काढलेल्या फाइली एका हार्ड डिस्कवर, आणि त्या फाइलींमध्ये आमच्या घरातली तीसेक वर्षं. त्याला एका शब्दात काय म्हणायचं ते मला सांगता येईना.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २००५ च्या पुरात सोप्यातलं खालचं कपाट गेलं, त्यात आईबाबांच्या लग्नाचा अल्बम होता, पाण्याने सगळी पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. तेव्हा आजीने उरलेल्या कॅसेटांची पेटी माळ्यावर चढवायला लावली, आणि नुसती चढवली नाही, तर दर वर्षी मृगाच्या आधी ती खाली उतरवून कॅसेटांना ऊन दाखवायची, पापड-कुरडयांबरोबर. ऊन टेपेला चांगलं नसतं हे आता मला माहितीय पण त्या उन्हामुळेच बहुतेक बुरशी कमी धरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा परत घरात शिरली तेव्हा खालचं सगळं गेलं आणि पेटी वर कोरडी राहिली. २०२१ च्या हिवाळ्यात आजी गेली. तिच्यामागे पेटी उतरवायची कोणी, हा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं मी करते, आणि पेटी घेऊन पुण्याला आले.

व्हीसीआर मिळवणं हेच मोठं काम. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची कंपनी, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केलं, म्हणजे नवीन मिळायचा प्रश्नच नाही, जे आहे ते जुनं, दुरुस्त केलेलं, आणि त्याचं हेड खराब झालं तर दुसऱ्या जुन्या मशीनमधनं काढलेलं. एक मिळाला. मग कळलं की कॅसेट ही काही कॉपी-पेस्ट होणारी गोष्ट नाहीये. ई-१८० म्हणजे तीन तासांची कॅसेट, ती तीन तासच घेते, ती लावायची, लाल-पांढरी-पिवळी वायर कॅप्चर डिव्हाइसला, म्हणजे चित्र कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या डबीला, जोडायची आणि कॉम्प्युटर बघतोय तोवर आपणही बघत बसायचं, कारण मध्येच चित्र तुटलं, ट्रॅकिंग गेलं, तर थांबवून परत मागे जावं लागतं. सहा महिने माझे रविवार असे गेले. आता वाटतं की तेच बरं झालं, कारण त्या सगळ्या फाइली मी एकदा तरी पूर्ण बघितल्या.

सीडींचं वेगळं. २००० नंतरची आमच्याकडची लग्नं व्हीसीडीवर आहेत, एका लग्नाच्या तीन-तीन सीडी, कारण एका सीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात. सीडी उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात फाइल, एव्हीसेक०१ डॅट. दुसरी सीडी घाला, आत परत एव्हीसेक०१ डॅट. मुंजीची सीडी घाला, डोहाळजेवणाची घाला, कुणाचीही घाला, तेच नाव, कारण व्हीसीडीचा तो ठरलेला साचाच आहे. एका फोल्डरमध्ये कॉपी करत गेले आणि कॉम्प्युटरने विचारलं, आधीची फाइल बदलू का, तेव्हा माझं बोट हो वर होतं. तिथे थांबले म्हणून मोठ्या चुलतभावाची मुंज राहिली. फोनचंही तसंच. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओच्या नावात तारीख असते खरी, पण ती आपल्याला व्हिडिओ मिळाल्याची असते, काढल्याची नाही, म्हणजे २०१२ चं बारसं कुणी २०१८ ला ग्रुपवर टाकलं तर नावात २०१८ च लागतं. मशीन देतं ती सगळी नावं अशी, मशीनला पुरेशी.

तर, लायब्ररी. मी पहिल्यांदा चित्रपट निवडलं. ती माझी चूक होती, कारण तुम्ही चित्रपट म्हणालात की ते फोल्डरचं नाव वाचतं आणि इंटरनेटवरच्या चित्रपटांच्या डेटाबेसमध्ये शोधायला जातं, ते त्याचं कामच आहे. मी एका फोल्डरला नुसतं लग्न असं नाव दिलं होतं. थोड्या वेळाने येऊन बघितलं तर आत्याच्या लग्नाच्या जागी कुठल्यातरी अनोळखी सिनेमाचं पोस्टर, खाली त्याची गोष्ट, त्याचे नट, वर्ष, सगळं व्यवस्थित भरलेलं. पोस्टरवर क्लिक केलं की मात्र आमची आत्या, मुंडावळ्या बांधलेली, पाटावर बसलेली. मला ते फार लागलं. का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

मग घरचे व्हिडिओ हा प्रकार करून बघितला. तो शांत आहे, बाहेर कुठे शोधायला जात नाही, फोल्डर जसं आहे तसं दाखवतो. पण मला अजून काहीतरी हवं होतं, कोण कोण आहे ते हवं होतं, एका माणसावर क्लिक केलं की ते माणूस जिथे जिथे आहे ते सगळं समोर यावं असं हवं होतं. शेवटी परत चित्रपट निवडलं आणि त्याच्या सेटिंगमधले बाहेरून माहिती आणणारे सगळे टिक काढून टाकले, आणि माहिती एनएफओ फाइलीत लिहून ठेव हा टिक ठेवला. हे मी सगळ्यांना सांगते. एनएफओ म्हणजे साधी मजकुराची फाइल, ती व्हिडिओच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये बसते, नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. कोडी नावाचा प्रोग्राम आहे, २०१४ पर्यंत ज्याला एक्सबीएमसी म्हणायचे, त्याच्याकडून आलेली ही पद्धत. म्हणजे उद्या जेलीफिन राहिलं नाही तरी लिहिलेलं राहतं. आणि प्रोग्राम राहत नाहीत, हे जेलीफिनच्या जन्मातच आहे. २०१८ मध्ये एम्बी नावाच्या प्रोग्रामने आपला कोड बंद करायचं ठरवलं, तेव्हा काही लोकांनी तोवर खुला असलेला कोड उचलला आणि त्या डिसेंबरात वेगळी चूल मांडली, तेच जेलीफिन. फुकट आहे, स्वयंसेवकांनी चालवलेलं आहे, आणि तुमचा व्हिडिओ तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरवरच राहतो, कुणाच्या दुसऱ्याच्या मशीनवर जात नाही. ज्या घराने दोन पूर बघितले त्या घराला एकाच ठिकाणी ठेवलेल्या गोष्टीची भीतीही असते, म्हणून दुसरी हार्ड डिस्क भावाकडे आहे, पण मूळ घरी.

आता त्यातलं ते माहिती भरायचं पान. तीन टिंबांवर क्लिक करून एडिट मेटाडेटा म्हटलं की ते उघडतं, लांबलचक फॉर्म, आणि मला त्या फॉर्मचं वेड लागलं हे मी कबूल करते. टायटल. सॉर्ट टायटल, म्हणजे दाखवायचं नाव एक आणि रांगेत उभं करायचं नाव दुसरं. मी तिथे वर्ष-महिना लिहिते, म्हणजे लग्नं-मुंजी काळाच्या क्रमाने येतात आणि क आधी की क्ष आधी हा प्रश्नच राहत नाही. ओव्हरव्ह्यू, तिथे मी आई जे सांगते ते लिहिते, जेवणावळ कुठे होती, पाऊस होता का, कोण रुसलं होतं. जॉनर. जॉनरमध्ये ॲक्शन आणि कॉमेडीच्या जागी मी लिहिलं, लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, गणपती, पूर. हो, पूर पण, २०१९ चे बाबांनी माडीवरून काढलेले सात व्हिडिओ आहेत, त्यात फक्त पाणी आणि बाबांचा श्वास.

स्टुडिओ हा रकाना बघून मला आनंद झाला कारण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या प्रत्येक कॅसेटवर व्हिडिओवाल्याच्या स्टुडिओचं स्टिकर आहे आणि सुरुवातीला त्याची पाटी फिरत फिरत मोठी होते. त्या माणसांनी खरोखर दिग्दर्शन केलंय. खांद्यावर तो जड कॅमेरा, शेजारी हॅलोजन धरलेला पोरगा, आणि हार परत घाला, इकडे बघा, मामा जरा सरका. मग घरी जाऊन मिक्सिंग, नवरा-नवरीचे चेहरे बदामात, चेहरे कमळात, आणि वर सिनेमाची गाणी. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांच्यामुळे हे सगळं आहे. पण गाण्यांनी एक केलं, माणसांचे आवाज गेले. आजी हसतेय, काहीतरी सांगतेय, समोरच्या बायका पदराआड हसतायत आणि आपल्याला ऐकू येतंय ते गाणं. अठरा कॅसेटांपैकी अकरा अशा आहेत. बोलणाऱ्या आजीची तोंडं हलताना मी तासन्‌तास बघितली आहेत.

आणि मग माणसं. त्या फॉर्मच्या खालच्या बाजूला पीपल असतं, शेजारी अधिकचं चिन्ह. ते दाबलं की छोटी चौकट उघडते, तीन रकाने, नेम, टाइप, रोल. टाइपमध्ये नट, दिग्दर्शक, लेखक, निर्माता, पाहुणा कलाकार वगैरे. मी घरच्यांना नट केलं आणि शेजारपाजारच्यांना पाहुणे कलाकार. रोलमध्ये काय लिहायचं यावर मात्र पहिल्याच दिवशी गाडी अडली.

मला वाटलं होतं नातं लिहावं. पण नातं कुणाचं? आई शेजारी बसली होती, पडद्यावर आत्या आली, आई म्हणाली, या वन्सं. माझी आत्या. बाबांची धाकटी बहीण, ते तिला नुसतं बाळी म्हणतात. तिच्या सासरी ती वहिनी आहे, एका घरात मामी आहे, माझ्या मुलाला ती आत्याआजी. एका रकान्यात एकच नातं मावतं आणि ते बघणाऱ्याप्रमाणे बदलतं. आजी तर आईच्या सासूबाई, माझी आजी, समोरच्या घरच्यांच्या काकू, आणि माहेरची लोकं आली की ताई. मी दोन दिवस विचार करून ठरवलं की नातं लिहायचं ते माझ्या मुलाच्या बाजूने, कारण पुढे बघणार तो. आईला ते पटलं नाही. ती म्हणाली, अगं पण मग मी सगळीकडे आजीच का, त्यात मी पंचविशीची आहे. आणि खरंच, गणपतीच्या त्या टेपेत परकर-पोलक्यातल्या मला कडेवर घेऊन ती उभी आहे, केस गुडघ्यापर्यंत, आणि खाली लिहिलेलं, आजी. मी ते पुसलं. रोल रिकामा ठेवला.

चेहरे ओळखण्याचं काम आईने आणि मी मिळून केलं, आणि त्यातले जवळजवळ निम्मे आईलाही येईनात, त्या घरात ती १९८४ ला आली, आधीची माणसं तिला कुठून माहीत. तेव्हा आत्याला बोलावलं. ती कऱ्हाडला असते, शाळेतनं नुकतीच रिटायर झालीय, चार दिवस राहायला आली आणि चारही दिवस दुपारची जेवणं झाली की आम्ही तिघी टीव्हीसमोर. २०२४ च्या मे महिन्यात १०.९ ही आवृत्ती आली तेव्हापासून जेलीफिनमध्ये एक सोय झालीय, खालच्या पट्टीवर बोट फिरवलं की त्या त्या ठिकाणचं छोटं चित्र वर दिसतं, दर दहा सेकंदाला एक. तीन तासांच्या कॅसेटची हजारावर चित्रं होतात. आत्याला ते इतकं आवडलं, रिमोटने ती पट्टी सावकाश सरकवायची आणि हळदीचा पिवळा रंग आला की थांबायचं, अक्षतांचा लाल आला की थांबायचं. थांब थांब, मागे घे, ही बघ, ही गोदूमावशीची सून. नावं पटापट येत होती आणि मी टाइप करत होते. काही माणसं तिच्या एकटीच्याच लक्षात होती, वाढपी, आचारी, पत्रावळ्या लावायला यायचा तो मुका मुलगा. ती सगळी नावं आता आहेत.

तिसऱ्या दिवशी तिच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट. १९९४. मुलीकडची एक आणि सासरकडनं आलेली एक, दुसरी. सासरकडच्या कॅसेटमध्ये गृहप्रवेश आहे, माप ओलांडणं आहे आणि मग लक्ष्मीपूजन, त्यात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहितात ते. आमच्याकडे तेव्हा नुसतं आडनाव बदलायचं नाही, नावच बदलायचं, आणि कित्येक घरांत अजून बदलतात. कॅमेरा ताटावर जातो आणि तिथेच राहतो. काकांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, हात, अंगठी, तांदळात उमटत जाणारी अक्षरं, बाजूला हळदीकुंकू. आत्या त्या पूर्ण दीड मिनिटात चित्रात नाही. फक्त तिच्या शालूचा काठ दिसतो आणि हिरव्या चुड्याची एक बाजू. वर गाणं.

आत्या म्हणाली, मला आधी सांगितलं नव्हतं बरं का काय नाव ठेवणार ते. तांदळात अक्षर नीट उमटत नाही, सरकतं. मी वाचत होते, दुसऱ्या अक्षरापर्यंत आले होते तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नणंदेला हळूच विचारलं, काय लिहिलंय.

तिची दोन्ही नावं मी इथे लिहीत नाहीये, ती तिची आहेत. एवढंच सांगते की माहेरचं एका नदीचं होतं आणि सासरचं देवीचं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलं होतं. जुन्या टेपांमध्ये आईने आणि मी तिचं नदीचं नाव भरलं होतं, कारण तेव्हा ती तीच होती. नंतरच्या सीडींमध्ये, तिच्या मुलांच्या बारशांमध्ये, मुंजीत, देवीचं, कारण पत्रिकांवर तेच छापलेलं. जेलीफिनला काय, नाव वेगळं म्हणजे माणूस वेगळं. माणसांच्या यादीत दोन आत्या होत्या. एकीवर क्लिक केलं की पाच व्हिडिओ, सगळे १९९४ पर्यंतचे, आणि मग ती मुलगी कुठे दिसतच नाही. दुसरीवर क्लिक केलं की तेवीस, आणि ती बाई एकदम लग्नातच उगवते, तिला ना लहानपण ना आईबाप.

मी आत्याला ते दाखवलं. ती पुढे झुकून बघत राहिली. मग विचारलं, म्हणजे हिच्यावर दाबलं तर ही दिसणार नाही?

नाही, म्हटलं. एकच नाव ठेवावं लागेल.

मी तिला तो रोलचा रकाना समजावून सांगितला. सिनेमात नटाचं नाव एक असतं आणि पात्राचं दुसरं, ते पात्राचं नाव इथे लिहितात. म्हणजे नेममध्ये एक नाव सगळीकडे सारखं ठेवायचं आणि रोलमध्ये प्रत्येक व्हिडिओत वेगळं लिहिता येतं. मला मनातनं काय हवं होतं ते स्पष्ट होतं. नदीचं नाव नेममध्ये, जन्मापासूनचं, आणि १९९४ नंतर रोलमध्ये देवीचं. मला ते इतकं बरोबर वाटत होतं की तिला विचारायच्या आधीच मी टाइप करायला सुरुवात केली होती. माझ्या लग्नात मी माझं नाव बदललं नाही, त्यावरून बोलणी झाली होती, त्यातलं काहीतरी माझ्या बोटांत असणार.

आत्या म्हणाली, असं नको.

आईने तिच्याकडे बघितलं. वन्सं, तुम्हाला जसं हवं तसं सांगा हं, ही करेल.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, बघ, मी नोकरीला लागले तेव्हा सर्टिफिकेटवर एक नाव आणि मस्टरवर एक नाव, राजपत्रात छापून आणायला लागलं होतं. ते कात्रण मी तीस वर्षं पर्समध्ये ठेवलं. शाळेतल्या पोरांनी मला त्या नावाने बाई म्हटलं, माझ्या पोरांच्या दाखल्यावर ते नाव आहे. तांदळात लिहिलं तेव्हा ते माझं नव्हतं, मला मान्य आहे. पण मग मी ते केलं माझं. तू ते रोलमध्ये घातलंस तर तीस वर्षं मी काय सोंग घेऊन होते का?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अजूनही त्यावर विचार करते. बदलायला लावणं चूक होतं असंच मला वाटतं, आज जास्तच वाटतं, ते दीड मिनिट बघितल्यापासून. पण ते माझं मत आहे आणि रकाना तिचा आहे.

मी नेममध्ये देवीचं नाव लिहिलं. सगळीकडे. मग जुन्या पाच व्हिडिओंपाशी आले, तिथे रोल रिकामा होता, मी विचारलं, इथे जुनं लिहू का. ती म्हणाली लिही. मग म्हणाली, आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही बघ. दादा बाळी म्हणतो. सेव्ह केलं, माणसांच्या यादीत एक आत्या कमी झाली आणि उरलेलीखाली अठ्ठावीस व्हिडिओ आले, गणपतीच्या आरतीतल्या दोन वेण्यांपासून परवाच्या निरोप समारंभापर्यंत. तिच्या पानावर लावायला फोटो कुठला ते तिनेच निवडलं, शाळेतला, फळ्यासमोरचा.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी दुसरंच काहीतरी करायला बसले होते. सांगलीच्या घरी बाबांच्या टीव्हीवर त्यांच्या नावाचा वेगळा युजर करून दिलाय, पासवर्ड मीच ठेवलेला, त्यांना टीव्हीवर काहीतरी दिसेना म्हणाले म्हणून मी त्यांच्या नावाने इथून आत गेले. वर एक ओळ असते, कंटिन्यू वॉचिंग, अर्धवट बघितलेलं जे असेल ते, प्रत्येकाखाली कुठपर्यंत बघितलं त्याची बारीक रेघ. बाबांच्या ओळीत एकच व्हिडिओ होता. १९९३ चा गणपती.

ती टेप मला माहीत होती, म्हणजे मला वाटत होतं माहितीय. गल्फमधनं आलेल्या काकांच्या मित्राने त्याच्या नव्या कॅमेऱ्याने काढलेली, मिक्सिंग नाही, गाणी नाही, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी, त्याने आरास काढलीय, परत आरास, दिव्यांची माळ, मखर, परत आरास. मी ती एकदाच बघितली होती, कॅप्चर करताना, आणि त्यातला बराच वेळ स्वयंपाकघरात होते. माणसं कमी म्हणून नावंही कमी भरलेली. मी प्लेवर दाबलं. बाबा जिथे थांबले होते तिथून ते सुरू झालं, एकेचाळिसाव्या मिनिटावर. चित्रात मखर. थर्माकोलचं, कडेला चमकी. कॅमेरा हलत नाही. आणि आतनं, स्वयंपाकघरातनं, भांड्यांच्या आवाजातनं, आजीचा आवाज. लांबवून, शेवटचं अक्षर ओढून, नदीचं नाव. एकदा. मग परत, जरा चढ्या आवाजात. मग लांब माडीवरनं पोरीचा आवाज, ओ, आले गं. आणि जिन्यावर पावलं, धडाधड.

नंतर परत मखर.

पट्टीवरच्या छोट्या चित्रांत हे सापडणं शक्य नव्हतं, तिथे त्या दहा-वीस सेकंदांना फक्त थर्माकोल आहे. माणसांच्या यादीतही नाही, दोघीही चित्रात नाहीत. मी बाबांना सकाळी फोन केला, विचारलं, तुम्ही ती गणपतीची टेप बघता का. ते म्हणाले, हो, बघतो कधीकधी. मी विचारलं, पुढे का बघत नाही. म्हणाले, तिथपर्यंतच बघायची असते.

चौथ्या दिवशी दुपारी मी आत्याला ते लावून दिलं. काही सांगितलं नाही आधी. ती मखराकडे बघत होती, हे चमकीचं काम मी केलं होतं असं काहीतरी म्हणत होती, आणि मग आवाज आला. तिने पदर तोंडाला लावला. आई उठून आत गेली. मी मागे घेतलं, परत लावलं, मग परत. पाचव्यांदा का सहाव्यांदा आत्या टीव्हीतल्या पोरीच्या बरोबरच हळू आवाजात म्हणाली, ओ.

मग तिने विचारलं, याला नाव देता येतं का. या जागेला.

येतं. मी ती फाइल एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या प्रोग्राममध्ये उघडली, त्यात चॅप्टर, म्हणजे व्हिडिओतल्या जागांना नावाच्या खुणा, घालता येतात, व्हिडिओला धक्का न लावता, फक्त कुठल्या सेकंदाला सुरू होतो ती वेळ लिहायची आणि नाव लिहायचं, नावाची भाषासुद्धा निवडता येते, त्या लांब यादीत मराठी आहे. मी वेळ घातली. ००:४१:१७. भाषा मराठी केली. नावाच्या रकान्यात कर्सर ठेवला आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. तिने चष्मा लावला, कीबोर्डवर अक्षरं शोधत शोधत, मोबाइलवर लिहिते तसं एका बोटाने, आईने हाक मारली, असं लिहिलं. मग स्वल्पविराम दिला आणि पुढे आपलं जुनं नाव लिहिलं, शेवटचं अक्षर तीनदा.